साठ अंशांपर्यंत

शर्वरीचं पहिलं बाळंतपण सांगलीत झालं, तर तिच्या आईला, त्रिशला मगदूम यांना, काय काय मिळणार होतं ते आधी पाहून घेऊ. सव्वा महिना नातवंड मांडीवर, हे तर झालं मुद्दल. शिवाय लग्नातल्या मानपानापासून मागच्या दिवाळीच्या फराळातल्या तेलापर्यंत पुण्याच्या विहीणबाईंनी जे जे डाव जिंकले होते, त्या सगळ्यांची परतफेड एका फटक्यात होणार होती. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा मगदुमांच्या घरातला रिवाज आपल्या हातून मोडला नाही, असं चार बायकांत मान वर करून सांगता येणार होतं. एवढ्या सगळ्या जमेसमोर तोट्याच्या रकान्यात त्रिशलाबाईंनी काहीच धरलं नव्हतं. त्यांच्या जागी कोणीही असतं तरी धरलं नसतं.

पुण्याच्या विहीणबाई म्हणजे सुनेत्रा चौगुले. विमा कंपनीत लोकांच्या घरांची जोखीम मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्त झाल्यावरही मोजायची सवय सुटली नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाळंतपण पुण्यात व्हावं, कारण सांगलीचा फ्लॅट जुना, आणि जुन्या घरात जुना फोम.

फोमची ही गोष्ट आज, २०४४ साली, शाळेतली मुलंही सांगतात, पण एकदा उजळणी करू. सोफा, गादी, उशी, मोटारीची सीट यांच्या पोटात जो फोम असतो, तो मुळात खनिज तेलाच्या घराण्यातला. ठिणगी पडली की भडकतो. म्हणून त्यात आग रोखणारी रसायनं घालतात. गोम अशी, की जुन्या काळी ही रसायनं फोममध्ये नुसती मिसळलेली असायची, जोडलेली नसायची. पोह्यांवर भुरभुरलेल्या खोबऱ्यासारखी. बशी हलली की खोबरं खाली. सोफ्यावर कोणी बसलं, उठलं, उशी झटकली, की ती रसायनं बाहेर पडून घरातल्या धुळीत मिसळत. धुळीतून हाताला, हातातून तोंडात. मोठ्यांच्या थोडी, आणि जमिनीवर रांगत सगळं जग चाखून बघणाऱ्या बाळांच्या सगळ्यात जास्त.

आत गेल्यावर त्यातली काही रसायनं थायरॉइडच्या संप्रेरकाचं सोंग घेतात. लग्नाच्या पंगतीत ओळखीचा चेहरा करून उपऱ्या माणसाने बसावं, त्याला पान वाढलं जावं आणि घरचा माणूस उभाच राहावा, तसं. मोठ्या माणसाचं त्यात फारसं अडत नाही, फार तर दमायला होतं, केस गळतात. पण पहिल्या काही महिन्यांत बाळाचा मेंदू हे संप्रेरक मिळेल तसा बांधला जात असतो. तेव्हा उपाशी राहिलेली पंगत पुन्हा बसवता येत नाही.

मधल्या काळात शहरांत इमारतींना आगी लागल्या, कायदा कडक झाला आणि फ्लॅटमधून कापसाच्या गाद्या हद्दपार झाल्या. गादी हवी तर आग न धरणारीच. त्याबरोबर नव्या पिढीचं रसायन आलं. हे फोममध्ये मिसळलेलं नव्हतं, फोमच्या साखळीतच गुंफलेलं होतं. धुळीत उतरत नव्हतं. अशा गादीवर हिरवा बिल्ला असे आणि बिल्ल्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असे: साठ अंशांपर्यंत स्थिर. भर उन्हाळ्यात बंद मोटारीतली सीट जेवढी तापते, त्यावरून हा आकडा काढला होता. घरात त्याहून जास्त काय तापणार?

आणि बाळाच्या पायात बांधायची पट्टी आली. सिलिकॉनची, मऊ. कातडीसारखीच ही पट्टी आसपासची रसायनं शोषून घेते. पूर्वी ती प्रयोगशाळेत पाठवावी लागे. आता तिच्यात बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा वाचक, म्हणजे मोजणारं यंत्र, रोज सकाळी आदल्या दिवसाचा आकडा फोनवर पाठवतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे घर सोडा.

डोहाळजेवणाला सुनेत्राबाई सांगलीला आल्या, त्या ओटीच्या सामानाबरोबर असलाच एक हातात धरायचा वाचक घेऊन.

"त्रिशलाताई, रागावू नका हं. पण तो जुना सोफा दिसत नाही?"

"गेला की. गाद्या गेल्या, उशा गेल्या. तुमच्या मशीनला खायला काही ठेवलंच नाही मी."

सुनेत्राबाईंनी नव्या सोफ्याच्या पाठीला वाचक टेकवला. मग बाळंतिणीच्या खोलीतल्या बाजेवर मापाने कापून घातलेल्या नव्या गादीला टेकवला. शून्य. पुन्हा टेकवला. शून्य.

"आता माझ्या कपाळाला लावा," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"विहीणबाई, जेवणाच्या ताटालाही लावून बघा," त्यांचे यजमान सुकुमारराव दारातून म्हणाले. "आमच्याकडं वांग्यात तेल जरा सढळ असतं."

"हसा तुम्ही. मी नोकरीत असताना हसणाऱ्यांच्याच घरी पंचनाम्याला जायचे."

फुलांच्या दागिन्यांत अवघडून बसलेली शर्वरी म्हणाली, "बाळ माझ्या पोटात आहे, तुमच्या दोघींच्या मध्ये नाही. एवढं लक्षात असू दे."

दोघी हसल्या. पण अट घालायची ती सुनेत्राबाईंनी घातलीच. जन्मापासून बाळाच्या पायात पट्टी. आकडा रोज सकाळी दोन्ही घरी जाणार. "हिरवा आहे तोवर मी पुण्याहून चकार शब्द काढणार नाही. तो बदलला आणि तसाच राहिला, की मी गाडी काढून येणार आणि आई-बाळाला घेऊन जाणार. चालेल?"

"गाडी चार्ज करून ठेवा."

"कायमच असते."

मुलगी झाली. नाव पुढे मैत्रा ठेवलं. दवाखान्यात तिच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासले, सगळं व्यवस्थित निघालं, आणि आई-लेक घरी आल्या. खरं बाळंतपण इथून सुरू झालं, निदान त्रिशलाबाईंच्या मते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सकाळी तेल लावून अंघोळ आणि मग शेक. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा, वर डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली बाळंतीण आणि तिच्या कुशीत बाळ. फ्लॅटमध्ये विस्तव पेटवायला बंदी होती. छतावरच्या धुराच्या घंटीला सुकुमाररावांनी अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली. कोळसा चौकात कणसं भाजणाऱ्याकडून आणला.

"आई, हे डॉक्टरांना कळलं ना," शर्वरी म्हणाली.

"डॉक्टरांच्या आईनं त्यांच्या बायकोला दिलाच असणार शेक. तू पड."

खरं सांगायचं तर कापसाच्या गादीखाली एवढा विस्तव ठेवायची त्रिशलाबाईंची छाती झाली नसती. त्यांची आई शेक द्यायची तेव्हा बाजेवर नुसती गोधडी असे, आणि शेगडीपाशी कोणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन बसे. पण ही गादी हिरव्या बिल्ल्याची. दुकानदाराने त्यांच्यासमोर तिला लायटर लावून दाखवला होता, साधा डागही पडला नव्हता. मग भ्यायचं कशाला?

फक्त एक अडचण होती. फोम आग धरत नाही, तशी ऊबही वर सोडत नाही.

"लागतीय का गं ऊब?"

"नाही. थोडी पायाशी."

मग निखारे वाढले. मग शेगडीखाली विटा आल्या आणि ती गादीला आणखी जवळ गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी शर्वरीला पाठीला छान ऊब लागली आणि झोप आली. गादीच्या तळाला किती तापलं असेल हे बघायला कोणी वाकलं नाही. पेटत तर नव्हती. न पेटणं हेच तिचं काम होतं आणि ते ती चोख करत होती.

पेटण्याऐवजी ती काय करत होती, ते त्या आठवड्याच्या शेवटी फोनवर उमटलं. आकडा पिवळा.

पुण्याहून लगेच फोन आला. "त्रिशलाताई, बघितलंत?"

"बघितलं. तेलाचा हात लागलाय पट्टीला. पुस्तिकेत लिहिलंय, तेल लागू देऊ नये म्हणून. धुऊन घालते."

"उद्या पुन्हा पिवळा आला तर निघते मी."

त्रिशलाबाईंनी पट्टी धुतली आणि वाळायला गॅलरीतल्या दोरीला चिमट्याने लावली. ती तिथेच राहिली, संध्याकाळी आठवण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा हिरवागार. पुण्याहून अंगठा वर केलेलं चित्र आलं. त्रिशलाबाईंनी ते बराच वेळ बघितलं. आणि तेल लावायच्या वेळी पायातली पट्टी काढून पुन्हा गॅलरीत लावली.

लबाडी करतोय असं त्यांना वाटत नव्हतं, हे त्यांच्या बाजूने मांडून ठेवलं पाहिजे. पट्टी विहीणबाईंनी आणलेली. तेल रोजचं. तेलानेच आकडा चढतो हे काल सिद्ध झालेलं. असल्या खोट्या पिवळ्यापायी दहा-बारा दिवसांचं बाळ घेऊन घाट उतरायचा आणि चढायचा का?

"अगं, पट्टी अजून वाळतीय?" दोन दिवसांनी सुकुमाररावांनी विचारलं.

"बाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी बाळ बघू का मशीन बघू?"

सुकुमाररावांनी दोरीकडे बघितलं, मग वर्तमानपत्र उघडलं. त्यांचा हिस्सा तेवढाच, पण तोही धरायला हवा. शर्वरीला काही दिसायचा प्रश्नच नव्हता. बाळ दिवसभर कापडात घट्ट गुंडाळलेलं, पाय कोण बघतं? एकदा तिने विचारलं, तेव्हा "आत्ताच काढली, संध्याकाळी घालते" एवढ्याने भागलं.

बारशाला सुनेत्राबाई आल्या. मैत्रा पाळण्यात झोपलेली होती. नाव ठेवताना आत्याने कानात जोरात कुर्र केलं तरी झोपलेलीच. आत्याच्या पाठीवर धपाटे घालून बायका दमल्या, पण बाळाने फक्त जांभई दिली. शेजारच्या बायका म्हणाल्या, "किती गुणाचं बाळ हो. आमच्या वरच्या मजल्यावरचं रात्रभर इमारत जागवतं." सुनेत्राबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"मानलं तुम्हाला," निघताना त्या दारात म्हणाल्या. "आमच्याकडं हे जमलं नसतं. आमच्याकडं बाळं फार रडतात."

त्रिशलाबाईंच्या आयुष्यात त्याच्याएवढे चांगले दिवस फार आले नव्हते. त्यांनी विहीणबाईंच्या गाडीत डिंकाच्या लाडवांचे दोन डबे ठेवले.

मैत्रा गुणीच राहिली. दूध प्यायला उठवावं लागे. प्यायला लागली की मध्येच झोपे. रडली तर आवाज घोगरा, जरा वयस्क वाटावा असा. अंगावरचा पिवळेपणा इतर बाळांचा जातो तसा गेला नव्हता, पण त्रिशलाबाईंना तो शर्वरी पिते त्या हळदीच्या दुधामुळे वाटत होता. शर्वरी हल्ली फार दमे, तिचे केस गळत. बाळंतिणीचे गळतातच. प्रत्येक गोष्टीला घरात एक जुनं उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तर एरवी खरंही असतं.

दीड महिन्याच्या लशीला डॉक्टर मुजावरांनी मैत्राला टेबलावर मोकळं केलं. ती छताकडे बघत पडून राहिली.

"रडते का?"

"नाही हो," शर्वरी कौतुकाने म्हणाली. "एकदम शांत आहे."

डॉक्टरांनी सुई टोचली. मैत्राचा चेहरा हळूहळू आक्रसला, आणि मग बऱ्याच उशिरा एक घोगरा आवाज निघाला. डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. तिची जीभ बघितली, टाळू चाचपली, पोट दाबून बघितलं. रक्त घ्यायला सांगितलं आणि अहवाल येईपर्यंत आजी, आई आणि बाळ अशा तिघींना बाहेर बसवलं. आत बोलावलं तेव्हा ते हळू बोलत होते.

"थायरॉइड फार कमी पडतंय. जन्मल्यावर टाचेतून घेतलेली तपासणी व्यवस्थित होती, म्हणजे हे नंतर झालंय. पट्टी आहे ना तिला? आकडे दाखवा."

शर्वरीने फोन पुढे केला. मध्ये एक पिवळा, बाकी सगळी हिरवी रांग.

"पट्टी पायातच होती ना? सगळा वेळ?"

शर्वरीने आईकडे बघितलं. "आई?"

जमेच्या आणि तोट्याच्या रकान्यांत काय काय आहे हे त्या क्षणी त्रिशलाबाईंना दिसलं असेल का, सांगता येत नाही. खोली छोटी होती आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"होती," त्या म्हणाल्या.

"मग घराचा संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "बरंच झालं. मूळ दुसरीकडे शोधू. तसंही ही नवी गादी साठ अंशांच्या वर गेल्याशिवाय काही सोडत नाही, आणि घरात तेवढं काय तापतं? पूर्वी बाजेखाली शेगडी ठेवायचे, ते आता फ्लॅटमध्ये कोण करतं? औषध आजच सुरू करा. दूध पाजत राहा, त्याला पर्याय नाही. बाकी घरी जे चाललंय ते तसंच चालू द्या."

घरी आल्यावर शर्वरी सवयीने बाजेकडे वळली.

"तिथं नको," त्रिशलाबाई म्हणाल्या. "आमच्या खोलीत पड. खाली सतरंजीवर."

"का?"

"पड म्हणते ना."

मग त्यांनी शेगडी पेटवली. रोज ठेवत तेवढेच निखारे, तेवढ्याच विटा. रिकाम्या बाजेखाली शेगडी सरकवली. गॅलरीतून पट्टी आणली, पदराने पुसली आणि गादीवर मध्यभागी ठेवली, मैत्राला निजवत तिथे. दार लावून घेतलं. आकडा दोन्ही घरी जातो हे त्यांना पाठ होतं. सुकुमारराव दाराबाहेर उभे होते.

"अगं, विहीणबाईंना दिसेल."

"दिसू दे."

सकाळी आकडा आला तो लाल. नुसता लाल नव्हे. त्याच्यापुढे बाण होता, म्हणजे पट्टीला जेवढं मोजता येतं त्याच्याही पलीकडे. फोन वाजला.

"मी गाडीतच आहे," सुनेत्राबाई म्हणाल्या. "बाळ कुठंय?"

"दुसऱ्या खोलीत. पट्टी तिच्या पायात नव्हती. गादीवर होती."

"आणि आधी?"

"गॅलरीत. दोरीला."

"मी बारशाला आले होते तेव्हा?"

"तेव्हा पण."

"मी तिला दोन तास मांडीवर घेऊन बसले होते," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मला वाटलं, शांत आहे."

शर्वरी दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने बाळाचे कपडे पिशवीत भरायला घेतले. त्रिशलाबाई घडी घालायला पुढे झाल्या, तेव्हा तिने त्यांच्या हातातून झबलं काढून घेतलं. जोराने नाही. नुसतं काढून घेतलं.

आता कोणी किती भरलं ते बघू.

गादीच्या कंपनीची माणसं येऊन गादी बंद पिशवीत घालून घेऊन गेली. तपासणीत त्यांचा माल निर्दोष निघाला, आणि तो होताच. साठ अंशांपर्यंत तो स्थिर होता. शेगडीजवळ तळ दीडशेच्या पुढे गेला होता, तिथे साखळी तुटून रसायन मोकळं झालं होतं. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत एक ओळ वाढली: गादीखाली विस्तव ठेवू नये. कंपनीला एका ओळीची शाई पडली. कायद्याला तेवढीही पडली नाही. डॉक्टर मुजावर आता प्रत्येक घरी शेगडीचं विचारतात, आणि लोक त्यांना "छे हो" म्हणतात.

सुकुमाररावांनी घंटीवरची टोपी काढली. सुनेत्राबाईंनी वाचक कपाटात टाकला आणि पुन्हा कोणाच्या सोफ्याला लावला नाही. त्रिशलाबाईंना आठवड्यातून एकदा जावई फोनवर नात दाखवतो, तोही शर्वरी घरात नसताना. त्यांनी तक्रार केलेली नाही. आपल्या वाट्याला कमी आलंय असं त्यांना वाटतं, आणि ते खरं आहे.

राहिली शर्वरी. मैत्रा आठ महिन्यांची झाली तेव्हा पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोघींचं रक्त तपासलं. मैत्राला औषध लागू पडलं होतं, पण मान धरायला उशीर झाला होता, बसायला उशीर होत होता, आणि पुढचं कोणी सांगत नव्हतं. शर्वरीच्या शरीरात सव्वा महिन्यात जे मुरलं होतं, ते निघायला वर्षं लागतील असं सगळ्यांनी धरलं होतं. तिचा अहवाल जवळजवळ कोरा आला.

"हे कसं झालं?" तिने विचारलं. "मी तर काही औषध घेतलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी दोघींचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले. "अजून पाजताय ना तिला?"

"हो. पाजत राहा म्हणाले होते."

"बरोबरच म्हणाले होते. मीही तेच सांगितलं असतं. दुधात जे मिळतं ते दुसऱ्या कशात नाही." मग त्या म्हणाल्या, "हे रसायन चरबीत साठतं. आणि चरबी दुधात उतरते."

शर्वरीच्या नावावरची बाकी शून्य झाली होती. ती फेडायला मांडीवरच्या मैत्राखेरीज दुसरं कोणी नव्हतं, आणि मैत्राने ती दर पाजण्याला थोडी थोडी भरली होती, आईचं बोट मुठीत धरून.